‘आमच्यात असं नसतं’: पेशाच्या दंडकांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या टीम

तिरकी_रेघ (धागाकर्ता)

प्रत्येक पेशाचे काही दंडक असतात. लेखापरीक्षकाने ग्राहकाशी सलगी करायची नाही. परिचारिकेने औषध देण्याआधी रुग्णाची ओळख पडताळायची. अभियंत्याला शंका आली तर त्याने ‘थांबा’ म्हणायचं. हे सगळं शिकवलेलं असतं, परीक्षेत विचारलेलं असतं. तरी तेच शिकून आलेली दहा-बारा माणसं एका खोलीत काम करू लागली की वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या तोंडी एक वाक्य रुळतं: "आमच्यात असं नसतं."

नियम एकटा माणूसही मोडतो, पण तो लपवतो आणि मनात खातो. टीम मोडते तेव्हा तिला त्यात भूषण वाटायला लागतं, आणि जो मोडत नाही तो ‘पुस्तकी’ ठरतो. मला बोलायचंय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. अशी ओळख घडते कशी, बाहेरून ओळखायची कशी, आणि ती पेशाला पुढे नेणारी आहे की माणसं मारणारी, हे वेळेत कसं कळायचं?

एक विनंती. स्वतःच्या ऑफिसचे किस्से नकोत. मग कोण कुठल्या कंपनीतलं हे शोधण्यातच धागा वाहून जातो. कागदोपत्री नोंदलेली उदाहरणं, पायऱ्या, आकडे लिहा.

सुरुवात मीच करतो. माझ्या मते बंडखोर माणसापासून हे सुरू होत नाही. दंडक आणि प्रत्यक्ष काम यांच्यात जी फट असते, तिथून होतं. रुग्णालयातल्या बारकोडचं उदाहरण घ्या. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा कोड वाचायचा, मग औषधाचा, मगच औषध द्यायचं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या पद्धतीला बगल देण्याचे १५ प्रकार आणि त्यामागची ३१ कारणं नोंदली गेली. कारणं वाचली की डोळे उघडतात: पट्टी चुरगळलेली, ओली किंवा फाटलेली, यंत्राची बॅटरी संपलेली, वायरलेस जोडणी तुटलेली, औषधावर कोडच नाही. मग कोणी तरी रुग्णाच्या पट्टीची जादा प्रत छापून औषधांच्या गाडीवर ठेवतं. काम झटपट होतं. पण पडताळणी आता मनगटाची होत नाही, गाडीवरच्या कागदाची होते. यंत्र हिरवा दिवा दाखवतं आणि चुकीच्या माणसाला औषध जाऊ शकतं.

पहिल्या दिवशी ही अडचणीतली सोय असते. बॅटरीची तक्रार सहा महिने तशीच पडून राहिली की ती पद्धत होते. आणि नव्या परिचारिकेला कोणी तरी "आपल्या वॉर्डात असंच करतात" म्हणून शिकवलं, की ती ओळख होते.

नोंदवही

मस्त विषय. यावरचं सर्वांत बारकाईने टिपलेलं जुनं उदाहरण हॉथॉर्नच्या कारखान्यातलं आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोन-सामग्री बनवणाऱ्या कंपनीचा हा शिकागोजवळचा कारखाना. दिव्यांच्या प्रकाशाचे प्रयोग सगळ्यांना माहीत असतात, पण इथे कामाची आहे ती बँक वायरिंग खोली, म्हणजे टेलिफोन-स्विचच्या संचांना (‘बँक’) तारा जोडण्याची खोली. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात १४ पुरुषांना (९ तारा जोडणारे, ३ डाग देणारे, २ तपासनीस) एका वेगळ्या खोलीत बसवून फक्त पाहिलं गेलं.

मजुरीची पद्धत अशी होती की जास्त काम केलं तर सगळ्यांचंच उत्पन्न वाढावं. झालं उलटं. रोज साधारण दोन संच पुरे झाले की पुरे, असा गटाचा आपला आकडा ठरला. त्याहून जास्त करणाऱ्याला ‘रेट-बस्टर’ म्हणत. फार कमी करणारा ‘चिझलर’, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर खाणारा. वरिष्ठांना सांगणारा ‘स्क्वीलर’.

शिक्षा काय? ‘बिंगिंग’. दंडावर एक जोरदार ठोसा. ठोसा खाणाऱ्याला एक ठोसा परत मारायची मुभा. बाहेरून मस्करी दिसते, पण गट त्यातून वेग ठरवत होता. शिवाय दिवसाचं काम जास्त झालं तर थोडं शिल्लक ठेवून दुसऱ्या दिवशी दाखवायचं, म्हणजे आलेख सपाट राहतो. सरळ रेषेतला आलेख दिसला की मला ही खोली आठवते. माणसाचं काम रोज सारखं होत नाही. सारखं दिसत असेल तर कोणी तरी ते सारखं करतंय.

कुंपणावरून

पण त्या लोकांच्या बाजूनेही पाहा ना. १९३१-३२, महामंदी. जास्त काम केलं तर दर कमी करतील किंवा माणसं काढतील, ही भीती काय वेडगळ होती? तुम्ही ज्याला विरोधी ओळख म्हणताय ती कामगारांची ढाल होती.

नोंदवही

कुंपणावरून, ढाल होतीच. मी ते वाईट म्हणत नाहीये. मुद्दा ढाल कशी घडते याचा आहे: एक आकडा, तीन शिव्या आणि एक ठोसा. एवढ्या सामग्रीत १४ जणांची टीम कंपनीच्या पूर्ण मजुरी-पद्धतीला पुरून उरली. लेखी नियम एकही नव्हता.

शून्यप्रहर

यात भर. ओळख तयार व्हायला खऱ्या तक्रारीचीही गरज नसते. मानसशास्त्रज्ञ ताजफेल आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहा. शाळकरी मुलांना दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडली अशा क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत टाकलं. एकमेकांना भेटणं नाही, बोलणं नाही. मग दुसऱ्यांना पैसे वाटायला सांगितले. स्वतःच्या गटाला जास्तीत जास्त मिळावेत यापेक्षा दोन गटांतला फरक जास्तीत जास्त व्हावा याकडे मुलांचा ओढा दिसला. त्यासाठी आपल्या गटाचं थोडं नुकसानही चालत होतं.

टीमच्या बाबतीत हे असं दिसतं: मुख्यालयातून आलेली पद्धत चांगली आहे हे कळतं, तरी घ्यायची नाही, कारण ती ‘त्यांची’ आहे. इथे पद्धतीच्या गुणदोषांवर वाद घालत बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

उंबरठा

ओळखायचं कसं, यावर लिहितो. बाहेरच्या माणसाला दोन-तीन दिवसांत तपासता येतील अशा चार जागा आहेत.

पहिली जागा भाषा. टीमचे खास शब्द एका कागदावर उतरवा. प्रत्येक टीमचे असतातच, त्यात काही वावगं नाही. बघायचं ते हे की शब्द कशासाठी बनलेत. यंत्राला, कामाला टोपणनावं असतील तर बिनघोर राहा. पण दंडक पाळणाऱ्या माणसाला टोपणनाव असेल तर थांबून ऐका. आणि मोडण्याच्या कृतीला गोड शब्द असेल (‘जुळवून घेणं’, ‘शॉर्टकट’, ‘प्रॅक्टिकल’) तर तो शब्द दिवसातून किती वेळा येतो ते मोजा.

दुसरी, दोन प्रकारचे दिवस. तपासणीचा दिवस आणि एरवीचा दिवस. जिप्समच्या एका कारखान्याच्या प्रसिद्ध अभ्यासात (गोल्डनर, १९५४) धूम्रपानबंदीचं वर्णन आहे. नियम विमा कंपनीने घातलेला. कामगारही ओढत आणि साहेबही ओढत. विम्याचा तपासनीस येतोय अशी खबर आली की सगळीकडे विझवाविझवी. गोल्डनरने याला ‘लुटुपुटीची नोकरशाही’ अशा अर्थाचं नाव दिलं. गंमत म्हणजे असा नियम मोडून साहेब आणि कामगार यांची एकी वाढते. सामायिक गुपित असतं ना. म्हणून टीममधलं खेळीमेळीचं वातावरण हा निर्दोषपणाचा पुरावा धरू नये.

तिसरी जागा अपवादांची यादी. गेल्या तीन महिन्यांत दंडकाला किती वेळा अपवाद केला आणि त्यातले किती लिहून ठेवलेत? ‘अपवाद नाहीतच’ हे उत्तर सर्वांत वाईट. प्रत्यक्ष कामात अपवाद होतातच. शून्य म्हणजे एक तर ते दिसेनासे झालेत किंवा लिहिणाऱ्याला किंमत मोजावी लागते.

चौथी जागा नवा माणूस. त्याला पहिल्या आठवड्यात कोण, काय, कुठे सांगतं? प्रशिक्षणाच्या खोलीत एक आणि चहाच्या वेळी दुसरं सांगितलं जात असेल तर चहाच्या वेळचं खरं. "कॉलेजात शिकलात ते विसरा" हे वाक्य ऐकू आलं तर पुढचा प्रश्न विचारा: नेमकं काय विसरायचं? उत्तर एका वाक्यात आलं तर टीमला आपण काय मोडतोय हे निदान ठाऊक आहे. "कळेल हळूहळू" असं आलं तर नाही.

आडवाट

हे सगळं टीम वाईटच असते असं गृहीत धरून चाललंय. पेशाचा दंडकच चुकीचा असेल तर? श्रेणीबद्धता हाही दंडकच आहे. मोठ्या डॉक्टरला परिचारिकेने टोकायचं नाही, हा कुठेही न लिहिलेला पण सगळ्यात कडक पाळलेला नियम.

शून्यप्रहर

आडवाट, नेमकं याच दंडकाविरुद्ध उभ्या राहिलेल्या टीमचं उदाहरण आहे, आकड्यांसकट.

अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) घालतात. तिच्यातून रक्तात जंतुसंसर्ग होतो. टाळण्याच्या पाच गोष्टी डॉक्टरांना पाठ असतात: हात धुणं, नळी घालताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे आणि रुग्णावर पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणं, जमेल तिथे जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपली की नळी काढणं. ज्ञान होतं, पाळलं जात नव्हतं.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या विभागांत जे केलं त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सगळं सामान एकाच गाडीत ठेवलं, म्हणजे शोधाशोध नको. तपासयादी केली. आणि मुख्य म्हणजे, पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला (तातडीचा प्रसंग सोडून). १०३ विभागांची आकडेवारी: दर १,००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) संसर्गाचं मध्यक प्रमाण २.७ होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं. सरासरी ७.७ वरून १६ ते १८ महिन्यांनी १.४.

लोक ‘तपासयादीचा चमत्कार’ म्हणतात ते मला पटत नाही. कागदाने काही होत नाही. "इथे परिचारिका डॉक्टरला थांबवते" ही टीमची ओळख झाली आणि ती वरून मान्य केलेली होती, म्हणून झालं. अधिकार काढून नुसती यादी ठेवा. आठवडाभरात खुणा आधी आणि काम नंतर सुरू होईल.

तिरकी_रेघ

म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. बारकोडवाली टीम आणि नळीवाली टीम दोन्ही दंडकाविरुद्ध. पहिलीचा हिशोब झाकलेला, दुसरीचा उघडा. आपण जे मोडतोय त्याचा परिणाम मोजून बाहेरच्याला दाखवायची तयारी आहे का, ही कसोटी धरावी असं वाटतं.

आडवाट

+१. लॉकहीड या विमान कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या टीमचं असंच आहे. १९४३ मध्ये एक्सपी-८० या जेट विमानाचा नमुना १४३ दिवसांत उभा केला. मोठ्या कंपनीचे सगळे रिवाज धाब्यावर. माणसं कमीत कमी, बाहेरच्यांना प्रवेश जवळपास बंद. पण तिचा प्रमुख केली जॉन्सन याच्या १४ नियमांमध्ये एक असा आहे की अहवाल कमीत कमी असावेत, पण महत्त्वाच्या कामाची नोंद कसून व्हावी. आणि दर महिन्याला खर्चाचा आढावा, त्यात आजवर झालेला खर्च आणि शेवटपर्यंत होणारा अंदाजे खर्च दोन्ही. बंडखोर टीम म्हटलं की लोक पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं सोडतात.

याउलट ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणक बनवणाऱ्या टीमने १९८३ मध्ये इमारतीवर चाच्यांचा झेंडा लावला. नौदलात भरती होण्यापेक्षा चाचे व्हा, असं ब्रीद. यंत्र अफलातून झालं यात वाद नाही. पण पैसा आणून देणारी ॲपल-टू या जुन्या संगणकाची टीम त्याच कंपनीत बसलेली होती, आणि या झेंड्याच्या हिशोबात ‘नौदल’ म्हणजे तीच माणसं. विरोधी ओळखीला शत्रू लागतो. तो पद्धत असेल तर बरं. शेजारच्या खोलीतली माणसं शत्रू झाली की पुढे एकमेकांची गरज पडते तेव्हा भोगावं लागतं.

कुंपणावरून

उघडा हिशोब वगैरे ठीक, पण नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाचं काय? तिथे सगळं लिहिलेलं होतं की.

नोंदवही

अगदी. तिरकी_रेघ, तुमची कसोटी इथे मोडते.

रॉकेटच्या जोडांमधल्या ओ-रिंग म्हणजे रबरी कड्या. मूळ आराखड्याप्रमाणे गरम वायूने त्या झिजायलाच नकोत. १९८१ च्या दुसऱ्याच उड्डाणात झीज दिसली. लपवली नाही. नोंदली, चर्चा झाली, कारण शोधलं, आणि ‘स्वीकारार्ह धोका’ ठरवून उड्डाणं चालू राहिली. पुढच्या वेळी थोडी जास्त झीज, पुन्हा नोंद, पुन्हा स्वीकार. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी याला विचलन सामान्य होऊन बसणं म्हटलं. झाकलेलं काहीच नव्हतं. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या तुलनेत छोटी होती, आणि मूळ आराखड्याशी तुलना करणं बंद झालं होतं.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री दूरध्वनी-बैठकीत बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी ५३ अंश फॅरनहाइटच्या (साधारण १२ अंश सेल्सिअस) खाली उडवू नका असं सांगितलं. तेवढ्या थंडीपलीकडचा अनुभवच नव्हता. सकाळी पारा त्याच्या कितीतरी खाली जाणार होता. नासाकडून आक्षेप आला. मग कंपनीच्या चौघा व्यवस्थापकांनी आपसांत चर्चा केली आणि त्यात अभियांत्रिकीच्या प्रमुखाला सांगण्यात आलं: अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. सल्ला बदलला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं. सात जण गेले.

टोपीचं ते वाक्य नीट वाचा. वाद थंडीवर राहिला नाही, ‘आत्ता तू कोण आहेस’ यावर गेला. पेशाची ओळख उतरवून टीमची चढवायला सांगितलं, आणि त्या क्षणी पुरावा मागण्याची दिशाही उलटली. एरवी ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध करायचं असतं. त्या रात्री अभियंत्यांना ‘असुरक्षित आहे’ हे सिद्ध करावं लागलं, आणि तेवढी आकडेवारी हातात नव्हती.

शून्यप्रहर

आणि २००३ मध्ये नासाचंच कोलंबिया यान, तेही तुटलं. टाकीवरून सुटणाऱ्या फोमचे तुकडे आधीच्या उड्डाणांतही आदळत होते, यानं परत येत होती, म्हणून तो देखभालीचा प्रश्न होऊन बसला. चौकशी मंडळाने चॅलेंजरशी असलेलं साम्य स्वतःच नोंदवलंय.

उंबरठा

म्हणून कसोटी दोन पायांवर नाही, तीन पायांवर उभी करावी लागते: नोंद; आधीच ठरवलेली मर्यादा; आणि टीमबाहेरचा असा माणूस ज्याला थांबवण्याचा अधिकार आहे.

तिसरा पाय कसा कापला जातो याचं उदाहरण लेखापरीक्षणातलं. आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण कंपनीचे लोक आपला ग्राहक असलेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्याच इमारतीत कायम बसत. २००० सालचं शुल्क ५.२ कोटी डॉलर, त्यातलं निम्म्याहून जास्त, २.७ कोटी, सल्लागारीचं. अँडरसनमधून एन्रॉनमध्ये नोकरीला जाणाऱ्यांचा राबता. ‘आपण’ म्हणजे कोण, याची रेघ पेशाच्या कडेने न जाता ग्राहकाच्या कुंपणाबाहेरून जायला लागली. अँडरसनच्याच मानकं बघणाऱ्या गटातल्या एका भागीदाराने हिशेबपद्धतींवर हरकती घेतल्या. ग्राहकाने नाराजी कळवली आणि २००१ मध्ये त्याला त्या कामावरून दूर केलं गेलं. यंत्रणा होती, माणूस होता, त्याने कामही केलं. पण त्याला हलवण्याची दोरी ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच हातात होती.

बाहेरचा माणूस नेमताना एकच तपासा: त्याची बदली, बढती, बिल यांतलं काही टीमच्या प्रमुखाच्या किंवा टीमच्या ग्राहकाच्या हातात आहे का? असेल तर नेमू नका. सोय म्हणून तर मुळीच नको.

आडवाट

नॅप आयोगाचाही उल्लेख हवा. न्यूयॉर्क पोलिसांतला भ्रष्टाचार, अहवाल १९७२. त्यात दोन जाती आहेत: ‘मांसभक्षी’, म्हणजे पदाचा वापर करून स्वतःहून वसुली करणारे, आणि ‘गवतखाऊ’, म्हणजे वाटेत आलेलं चिल्लर घेणारे. आयोगाचं निरीक्षण असं की खरी डोकेदुखी गवतखाऊंची. संख्या त्यांची मोठी, आणि त्यांच्यामुळेच घेणं प्रतिष्ठित होतं. तिथे प्रामाणिक माणूस परका ठरतो. सुधारणा करायला आलेला नवा साहेब नेहमी दोन ‘मांसभक्षी’ पकडून फोटो काढतो. गवत तसंच हिरवं.

पायवाट

वाचनमात्र होतो, आता विचारतो. समजा एखाद्या सॉफ्टवेअर टीमला जाणूनबुजून पेशाचा एक दंडक मोडायचाय. उदाहरणार्थ, ‘लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय जाणार नाही’ हा. त्याऐवजी दोघांनी एकत्र बसून लिहायचं आणि वेगळी तपासणी बंद. हे नीट कसं करायचं?

उंबरठा

पायवाट, चांगलं उदाहरण. क्रमाने सांगतो. आठवडे आणि दिवस ठोकताळ्याने दिलेत, कामाच्या वेगाप्रमाणे बदला.

आधी तो दंडक कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहा. इथे: लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून दुसरे डोळे. हे वाक्य टीमला लिहिता आलं नाही तर मोडायचा विचार सोडा. कारण लिहिलं की लगेच दुसरं कारण आठवतं: तपासणीमुळे कोड आणखी एका माणसाला माहीत होतो. जोडी करताना हे दुसरं कारणही भागवावं लागेल. बहुतेक टीम तेच विसरतात.

मग सहा ते आठ आठवडे जुन्याच पद्धतीने चालू ठेवून मोजा. दोन आकडे पुरेत. एक फायद्याचा: काम हाती घेतल्यापासून वापरात जाईपर्यंतचे दिवस. एक तोट्याचा: दर १०० बदलांमागे किती मागे घ्यावे लागले. एकच आकडा ठेवलात तर टीम त्याच्याच प्रेमात पडते.

मर्यादा आधी लिहा, प्रयोग सुरू होण्यापूर्वी. समजा मागे घेण्याचं प्रमाण १०० त ४ आहे. सलग दोन आठवडे ८ च्या वर गेलं तर जुनी पद्धत परत, चर्चा नंतर. तुलना नेहमी या पहिल्या ४ शी, मागच्या आठवड्याशी कधीच नाही. ओ-रिंगचा धडा हाच.

मुदत ९० दिवस. मुदत संपली की पद्धत आपोआप बंद, आणि चालू ठेवायची तर नव्याने मागावी लागेल. एका वेळी दंडक एकच मोडा. दोन मोडले तर कशाने काय झालं कळत नाही, आणि टीमला ‘आम्ही नियम न पाळणारे’ ही सरसकट ओळख चिकटते. ती काढणं महाकठीण.

आता काय बिघडतं. जोड्या पक्क्या होतात. तेच दोघे महिनाभर बसले की दोघांना त्याच चुका दिसेनाशा होतात. दर दोन-तीन दिवसांनी एकाने हलायचं आणि एकाने त्याच कामावर राहायचं. दुसरा बिघाड जास्त चोरपावलांनी येतो: जोडीतला एक बैठकीला जातो, दुसरा एकटाच लिहीत राहतो, आणि कोड जोडीच्या नावावर जातो. गाडीवर ठेवलेल्या बारकोडची ही सख्खी बहीण. उपाय साधा आहे. एकट्याने लिहिलेलं सगळं जुन्या तपासणीच्या वाटेने जाईल, आणि एकट्याने लिहिलं असं नोंदवणाऱ्याला कोणी काही बोलणार नाही.

नोंदवही

एक पुरवणी. पहिल्या काही आठवड्यांत चुकांची नोंद वाढली तर घाबरू नका. एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात रुग्णालयातल्या ज्या विभागांत नेतृत्व आणि सहकार्य चांगलं, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या सापडल्या. लोक बोलायला धजत होते म्हणून. त्यामुळे पायवाट, मर्यादा बांधायची ती परिणामावर, म्हणजे मागे घेतलेल्या बदलांवर. ‘कळवलेल्या चुका’ या आकड्यावर बांधलीत तर लोक कळवणं थांबवतील आणि प्रयोग कागदावर फत्ते होईल.

कुंपणावरून

आणि प्रयोग यशस्वी झाला, टीमला तो पेशात पसरवायचाय, तर? नेहमीचा अनुभव: बाकीचे ऐकत नाहीत, टीम चिडते, आणखी आत मिटून घेते.

शून्यप्रहर

तिथे मानसशास्त्रज्ञ मॉस्कोव्हिसीचा १९६९ चा प्रयोग आठवावा. सहा जणांच्या गटात दोघे आतून सामील. निळ्या स्लाइड दाखवायच्या आणि दोघांनी ‘हिरवी’ म्हणायचं. दोघे दरवेळी न चुकता हिरवी म्हणाले तेव्हा बाकीच्यांची ८.४२ टक्के उत्तरं हिरवी आली. कधी हिरवी, कधी निळी म्हणाले तेव्हा १.२५ टक्के. अल्पमताचं भांडवल सातत्य. आज एक मागणी आणि उद्या दुसरी करणाऱ्या टीमकडे कोणी बघत नाही. वर्षभर एकच आकडा, त्याच पद्धतीने मोजून, त्याच नमुन्यात दाखवणाऱ्या टीमकडे उशिरा का होईना बघावं लागतं.

मात्र जिंकल्यावरचाही धोका आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये १७ जणांनी ‘ॲजाइल’ या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला, त्यातली पहिलीच ओळ पद्धती आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोठा, अशा अर्थाची. आज त्याच नावाने प्रमाणपत्रं आणि ठरावीक बैठकांचा (उदा. रोजचा उभ्याउभ्या ‘स्टँड-अप’) बाजार भरलाय. कालचं बंड आजचा दंडक झालं, आणि आता त्याच्याविरुद्ध "आमच्यात स्टँड-अप नसतो" म्हणणाऱ्या टीम तयार होतायत. चक्र!

पायवाट

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचा प्रश्न. टीम आधीच बिघडलेली असेल, म्हणजे झाकलेल्या हिशोबाची, तर माणसं पांगवायची का?

उंबरठा

शेवटचा उपाय म्हणून. पांगवलेली माणसं पद्धत सोबत घेऊन जातात आणि एकाच्या चार जागा होतात.

आधी फट बुजवा. बारकोडच्या वॉर्डात पहिल्या दिवशी नोटीस लावू नका. जादा बॅटऱ्या आणा, न चुरगळणाऱ्या पट्ट्या आणा, वायरलेस कुठल्या खोलीत तुटतं ते बघून दुरुस्त करा. दोन आठवडे द्या. मग गाडीवरच्या छापील प्रती सगळ्यांसमोर गोळा करा, कोणाच्या किती हे न विचारता. त्यानंतर एखादी प्रत सापडली तर पहिला प्रश्न "कोणी ठेवली" हा नको, "कुठल्या खाटेपाशी यंत्र चाललं नाही" हा हवा. उत्तर मिळालं तर त्याच पाळीत दुरुस्ती. पुढच्या पाळीवर ढकललीत तर सकाळी गाडीवर नवी प्रत असेल.

आडवाट

आणि नोटिशीचा कागद वाचवून त्याच्या बॅटऱ्या आणा :)